मध घरचा, पराग गावाचा

घरच्या अंगणात मधमाश्यांची एखादी पेटी ठेवावी, फावल्या वेळात तिची देखभाल करावी आणि वर्षाकाठी चार बाटल्या शुद्ध मध पदरात पाडून घ्यावा, ही कल्पना आता लहान शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाही आकर्षित करू लागली आहे. बाजारातील मधाविषयी लोकांच्या मनात निर्माण झालेला अविश्वास हे त्याचे एक कारण होय. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत तेरा नाममुद्रांपैकी दहा नाममुद्रांचे नमुने सर्वांत काटेकोर अशा कसोटीला उतरले नव्हते. काही कंपन्यांनी हे निष्कर्ष अमान्य केले. परंतु ग्राहकाच्या मनात शिरलेला संशय काही त्यामुळे गेला नाही. दुसरे कारण परसबागेचे. विषारी फवारणी न केलेली भाजी आपल्या हाताने पिकवावी, ही हौस वाढत आहे आणि बागेपाठोपाठ पेटीचा विचार मनात येणे स्वाभाविकच आहे.

या हौसेचे स्वागत केले पाहिजे. मात्र तिचा हिशेब केवळ मधाच्या बाटल्यांत मांडणे म्हणजे गाय फक्त शेणासाठी पाळण्यासारखे आहे. मधमाशीचे मोठे उत्पन्न मध हे नव्हेच. ते आहे परागीभवन. आणि या उत्पन्नाचा विशेष असा की, ते पेटीच्या मालकाच्या कुंपणात राहत नाही. म्हणूनच घरगुती मधमाशीपालन हा दिसायला एकट्याचा छंद असला, तरी त्याचे यशापयश सगळ्या वस्तीच्या हाती असते. बुटीबोरीसारख्या, अर्ध्या शेतीच्या आणि अर्ध्या कारखानदारीच्या गावाने ही गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

भोपळ्याची कळी का गळते?

परसबाग करणाऱ्या प्रत्येकाची एक तक्रार असते. भोपळ्याचा वेल मांडवभर पसरतो, फुले भरपूर येतात, सुपारीएवढी फळेही दिसू लागतात. आणि मग ती पिवळी पडून गळून जातात. खत कमी पडले, पाणी जास्त झाले, कीड लागली, असे तर्क केले जातात. काही वेळा ते खरेही असतात. परंतु पुष्कळदा कारण अगदी साधे असते. भोपळा, काकडी, कारले, टरबूज या वेलवर्गात नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. नर फुलातील चिकट, जड पराग वाऱ्याने उडत नाही. तो कोणीतरी वाहून न्यावा लागतो. लाल भोपळ्याचे मादी फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या चार-सहा तासांत त्यावर पुरेसा पराग पडला नाही, तर फळ धरत नाही. अपुरा पडला, तर ते वेडेवाकडे वाढते. बाकदार, एका टोकाला बारीक राहिलेली काकडी ही बहुधा अर्धवट परागीभवनाचीच खूण असते.

लिंबू, पेरू, शेवगा यांच्या फुलांवरही माश्यांचा राबता असतो. कोथिंबीर, मुळा, कांदा यांचे बी घरी धरायचे असेल, तर कीटकांवाचून गत्यंतर नाही. अर्थात मधमाशी ही सर्व रोगांवरची मात्रा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दुधी आणि दोडका यांची फुले दिवस कलल्यावर उमलतात, तेव्हा तेथे निशाचर पतंगांचा वाटा मोठा असतो. टोमॅटो आणि वांगे यांच्या फुलांतील पराग बाहेर पडण्यासाठी फूल थरथरावे लागते. ते काम लाकूड पोखरणारा काळा भुंगा पंखांच्या स्नायूंच्या कंपनाने करतो, मधमाशीला ती विद्या अवगत नाही. तात्पर्य, बागेला एकट्या पेटीची नव्हे, तर नाना प्रकारच्या कीटकांची गरज असते. पेटी ही त्या परिवारातील एक मोठी कामकरी सदस्य, एवढेच.

या कामाची व्याप्ती केवढी आहे, याचा अंदाज जगाच्या पातळीवर घेतला गेला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून, म्हणजे मुख्यतः कीटकांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. गहू, तांदूळ, मका ही पोट भरणारी धान्ये वाऱ्यावर किंवा स्वतःच्या परागावर निभावून नेतात. फळे, भाज्या, तेलबिया यांना मात्र माशीचे साह्य लागते. म्हणजे माश्या नाहीशा झाल्या तर माणूस उपाशी मरेल असे नाही. पण त्याचे ताट बेचव आणि निकस होईल यात शंका नाही.

कुंपणापलीकडचा नफा

आता अर्थशास्त्राकडे वळू. सातेरी जातीची आपली देशी मधमाशी साधारणपणे एक किलोमीटरच्या परिघात चरते, असे धरून चालू. जवळची फुले सोडून ती उगाच दूर जात नाही हे खरे. तरी एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे पावणेआठशे एकर भरते. पेटीच्या मालकाचे अंगण दहा गुंठ्यांचे असले, तर ते या क्षेत्राचा तीन हजारावा हिस्साही होत नाही. माश्या आपल्या अंगणात झोपतात आणि दुसऱ्यांच्या शेतात राबतात. शेजाऱ्याचा भोपळा फळतो, पलीकडच्या शेतातील तीळ आणि सूर्यफूल भरते, रस्त्याकडेच्या जांभळीला घोस लागतात; आणि यांपैकी कोणीही पेटीच्या मालकाला एक छदामही देत नाही. उलटपक्षी, तोही शेजाऱ्याच्या कडुनिंबाचा मकरंद फुकटच नेत असतो.

अशा, बाजारात किंमत न मोजल्या जाणाऱ्या लाभांना आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक बाह्य लाभ म्हणतो आणि वर्गात शिकविताना नेमके मधमाशीचेच उदाहरण देतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ साली ते रूढ केले. सफरचंदाची बाग आणि तिच्या शेजारचा मधमाशीपालक, अशी त्यांची मांडणी होती. बागायतदाराने झाडे वाढविली तर मध वाढतो, पण त्याचा मोबदला बागायतदाराला मिळत नाही. म्हणून समाजाला हवी तेवढी लागवड होत नाही आणि येथे शासनाने करसवलत किंवा अनुदान देऊन तूट भरून काढावी, असा त्या युक्तिवादाचा रोख होता. याच मीड यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या उदाहरणाला १९७३ साली स्टीव्हन चेउंग या अर्थशास्त्रज्ञाने आव्हान दिले. केवळ कागदावर तर्क न लढविता त्यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बागायतदार आणि मधमाशीपालक यांचे प्रत्यक्ष व्यवहार तपासले. तेथे दोघांत रीतसर करार होत होते. सफरचंदाच्या फुलांतून मध फारसा मिळत नाही, म्हणून बागायतदार पेट्यांचे भाडे देई; उलट गवताच्या ज्या जातींत मकरंद भरपूर, तेथे मधमाशीपालक जमीनमालकाला मोबदला देई. आज कॅलिफोर्नियाच्या बदामबागांत दर फेब्रुवारीत लाखो पेट्या भाड्याने नेल्या जातात. चीनच्या सिच्वान प्रांतातील हान्युआन परगण्यात तर नासपतीच्या बागांत माणसे झाडावर चढून पिसांच्या कुंचल्याने फुलांना पराग लावू लागली. माशीच्या श्रमाची किंमत ते काम माणसाने केल्यावरच कळते.

मीड खरे की चेउंग खरे, हा वाद परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठीक आहे. आपल्या परसबागेच्या बाबतीत दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. शेकडो एकरांची एकपिकी बाग आणि हजार पेट्यांचा व्यावसायिक असतील, तेथे करार होऊ शकतो. परंतु चार खोल्यांच्या घराशेजारी दोन वेल लावणारा गृहस्थ शेजाऱ्याशी परागाचा करार करणार नाही. त्याची वसुली करण्याचा खर्चच भोपळ्याच्या किमतीहून जास्त होईल! मग अशा ठिकाणी उरते काय? तर जुन्या गावगाड्याला ठाऊक असलेला मार्ग: परस्पर समजूत, सामायिक शिस्त आणि थोडी नगरपालिकेची दृष्टी.

मगनवाडीचा वारसा

या विचारासाठी इंग्लंड-अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बुटीबोरीहून वर्धा तासाभराच्या अंतरावर आहे. त्या वर्ध्याच्या मगनवाडीत, डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभे केले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा माणूस गांधीजींच्या सांगण्यावरून घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद आणि मधमाशीपालन यांच्या मागे लागला. त्यांचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ १९४५ सालचा, म्हणजे मीड यांच्या लेखाच्या सात वर्षे आधीचा.

कुमारप्पांनी त्यात निसर्गातील व्यवहारांच्या चढत्या पायऱ्या मांडल्या. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारी परोपजीवी व्यवस्था, दुसऱ्याने पिकविलेले नेणारी लुटारू व्यवस्था, घेताना देणारीही उद्यमशील व्यवस्था, स्वतःपुरते न पाहता समूहासाठी राबणारी सामूहिक व्यवस्था आणि सर्वांत वर सेवेची व्यवस्था. यांपैकी दोन पायऱ्यांवर त्यांना मधमाशी दिसली. फुलातून मकरंद घेताना ती त्याच फुलाला फळवते, म्हणून ती उद्यमशील. आणि साठवते ते स्वतःसाठी नव्हे, तर सबंध वसाहतीसाठी, म्हणून ती सामूहिक. मीड यांनी मधमाशीत बाजाराची त्रुटी पाहिली, तर कुमारप्पांनी तिच्यात नीतीचा पाठ पाहिला. दोहोंचा निष्कर्ष मात्र एकाच ठिकाणी येतो: घेणे आणि देणे यांचा हिशेब एका घराच्या वहीत मावत नाही.

हा वारसा केवळ ग्रंथगत राहिलेला नाही. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळाचा मध माश्या न जाळता, पिलांच्या पोळ्याला धक्का न लावता काढण्याचे शिक्षण दिले आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथील बहुतेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. पण मांघरचे यश पेट्यांत नाही, ते भोवतालच्या जांभूळ, हिरडा, कारवी यांच्या रानात आहे, हे आपण विसरता कामा नये. बुटीबोरीला तसे रान नाही. म्हणून येथे विचारही वेगळा करावा लागेल.

कोणती माशी, कोणती पेटी?

आपल्या भागात आढळणाऱ्या मधमाश्यांची ओळख नसल्याने पुष्कळ गैरसमज होतात. उंच इमारतीला, पाण्याच्या टाकीला किंवा मोठ्या झाडाला एकच प्रचंड पोळे लटकवते ती आग्या माशी. ती रागीट असते, स्थलांतर करते आणि पेटीत कधीही राहत नाही. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करते ती फुलोरी. तीही पेटीत नांदत नाही, पण तिला डिवचले नाही तर ती कोणाच्या वाटेस जात नाही. भिंतीच्या भेगेत किंवा झाडाच्या ढोलीत घर करणारी, डंख नसलेली चिमुकली माशी ही चौथी. आणि झाडाच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. घरगुती पेटीसाठी खरी उपयोगाची हीच. इटालियन जातीची परदेशी माशी मध जास्त देते. पण तिला फुलोराही तितकाच जास्त लागतो आणि पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे फिरावे लागते. ते व्यावसायिकाचे काम, हौशी माणसाचे नव्हे.

पेटीचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांना १९५१ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १८५१ साली, असे आढळले की दोन पृष्ठभागांत सुमारे आठ-नऊ मिलिमीटरची फट ठेवली, तर माश्या ती मेणाने भरत नाहीत, जाण्यायेण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. या एका निरीक्षणातून चौकटी सहज बाहेर काढता येणारी पेटी जन्मली. आपल्या सातेरीसाठी हीच पेटी लहान मापात केलेली असते. खालच्या कप्प्यात राणी अंडी घालते व पिले वाढतात. वरच्या कप्प्यात मध साठतो. मध घ्यायचा तो फक्त वरचा, यंत्रात चौकट फिरवून. पोळे न मोडता. पोळे पिळून पिलांसकट मध गाळण्याच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली, म्हणजे या सुधारणेचे मोल कळते.

विदर्भात खरी परीक्षा असते ती उन्हाळ्याची. पिलांच्या पोळ्याचे तापमान माश्या ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला की त्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे आपल्या कुलरचेच तत्त्व! अशा वेळी पेटी पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या गच्चीवर ठेवली, तर मेण मऊ होऊन पोळी ढासळतात, नाहीतर वसाहत घर सोडून निघून जाते. पेटी दाट सावलीच्या झाडाखाली असावी. जवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत असावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात फुलोरा आटला की साखरेचा पाक द्यावा लागतो. तो फक्त टंचाईत द्यायचा. मधाच्या हंगामात पाक देणे म्हणजे घरच्या घरी भेसळ करणे होय.

रोगांची धास्तीही ठेवली पाहिजे. १९९१-९२ पासून दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या वसाहती प्रचंड प्रमाणावर नष्ट केल्या. त्यावरून घ्यायचा धडा असा की, लांबून कोठून तरी वसाहत मागवून घेण्यापेक्षा आसपासच्या निसर्गात टिकलेली वसाहत जाणकाराच्या साह्याने पेटीत भरावी. आठवडा-पंधरवड्यातून एकदा पेटी उघडून राणी अंडी घालते आहे की नाही, मेण पोखरणारी अळी लागली आहे काय, हे पाहिले म्हणजे पुरे. या बदल्यात वर्षाकाठी पाच-सात किलो मध मिळाला तरी हौशी माणसाने समाधान मानावे. त्याहून अधिकाचे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्यापासून त्याने चार हात दूर राहावे, हे बरे.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप डंखाचा. तो टाळण्याजोगा नाही. बहुतेकांना सूज व वेदना एवढेच होते. परंतु थोड्या व्यक्तींना डंखाची तीव्र प्रतिक्रिया येऊन जिवावर बेतू शकते. घरात असे कोणी असेल, तर पेटी ठेवूच नये. शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ किंवा रस्त्याच्या तोंडाशी तर मुळीच नाही. पेटीचे दार उंच कुंपणाकडे वळविले, की माश्या वर उसळी घेऊन माणसांच्या डोक्यावरून जातात. मात्र सातेरी आणि आग्या यांत फरक न करता सगळ्याच माश्यांना शत्रू मानणे आणि इमारतीवर मोहोळ दिसताच रात्री जाळ लावून किंवा विष फवारून ते संपविणे, हा रानटीपणा आहे. आग्या माश्या ऋतू पालटताच बहुधा स्वतःहून निघून जातात. धोका खरोखरच असेल, तर प्रशिक्षित माणसाकडून मोहोळ हलविता येते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे आणि तो खुद्द निसर्गप्रेमींचा आहे. पेट्या वाढल्या आणि फुले तेवढीच राहिली, तर पाळीव माश्या रानटी माश्या-भुंग्यांच्या तोंडचा घास काढून घेतात. लंडनसारख्या शहरात हौशी पेट्यांची संख्या इतकी वाढली, की तज्ज्ञांना हा इशारा द्यावा लागला. कोंबड्या पाळून पक्षिरक्षण होत नाही, तसेच पेट्या ठेवून कीटकरक्षण होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. या आक्षेपाचे उत्तर एकच: आधी फुलोरा, मग पेटी.

येथेच आपल्या सरकारी योजनांचेही एक उणे जाणवते. २०२० साली केंद्राने राष्ट्रीय मधुमक्षिका पालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु योजनेचे यश वाटलेल्या पेट्यांच्या संख्येवर मोजण्याचा मोह आपल्या प्रशासनाला नेहमीच होतो. चाऱ्याची सोय न करता गाई वाटण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. तोच प्रकार माशीच्या बाबतीत होऊ नये.

बुटीबोरीने काय करावे?

बुटीबोरीची परिस्थिती यादृष्टीने मोठी बोलकी आहे. एका बाजूला कापूस, तूर, सोयाबीनची शेते. दुसऱ्या बाजूला औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत. आणि मध्ये नोकरदारांच्या नव्या वस्त्या. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या उद्योगांना सामान्यतः भूखंडाच्या ठरावीक हिश्श्यावर हरितपट्टा राखावा लागतो. ही जमीन काही थोडी नव्हे. पण त्या पट्ट्यात काय लावले आहे, हे कोणी विचारीत नाही. झटपट वाढणारी, सरळसोट, कागदावर हिरवी दिसणारी झाडे लावून अट पुरी केली जाते. त्याऐवजी कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच, बाभूळ, शेवगा ही आपल्याच मातीतील, उन्हाला न डरणारी झाडे लावली, तर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकामागून एक फुलोरा मिळू शकेल. खर्च तेवढाच; फरक फक्त रोपांच्या यादीत आहे. ही यादी बदलणे कारखान्यांच्या व्यवस्थापनाला अवघड नाही आणि ती बदलावयास सांगणे महामंडळालाही अवघड नाही.

दुसरे काम नगर परिषदेचे. डासांसाठी धूरफवारणी आवश्यकच आहे. परंतु ती सूर्यास्तानंतर, माश्या घरी परतल्यावर आणि आदल्या दिवशी सूचना देऊन करता येते. उद्यानांत नुसती हिरवळ आणि दुहेरी पाकळ्यांची शोभेची फुले लावण्याऐवजी तुळस, झेंडू, सूर्यफूल, बडीशेप यांचे वाफे करता येतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर सकाळी किती माश्या येतात, हे ज्याच्या दारी वृंदावन आहे त्याला सांगावे लागत नाही.

तिसरे काम शेतकऱ्यांचे, आणि ते सर्वांत कठीण आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. जे विष माणसाला सोडीत नाही, ते माशीला काय सोडणार? तरीही कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या शेतकऱ्याला फवारणी बंद कर, असे घरात बसून सांगणे हे सुखवस्तू माणसाचे बोल झाले. त्याला एवढेच सांगता येईल की, पीक फुलोऱ्यावर असताना शक्यतो फवारू नये. फवारावेच लागले तर सायंकाळी उशिरा फवारावे. आणि बांधावर तीळ, अंबाडी, सूर्यफुलाची एखादी ओळ ठेवावी. फवारणीच्या दिवसाची वर्दी मिळाली, तर पेटीचा मालक त्या वेळेपुरते पेटीचे दार बंद ठेवू शकतो. सकाळच्या बाजारात होणारे हे दोन शब्दांचे बोलणे म्हणजेच चेउंग यांचा करार, आपल्या गावच्या भाषेत.

चौथे काम शाळा-महाविद्यालयांचे. नागपूरला जुने कृषी महाविद्यालय आहे. कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत. त्यांच्या साह्याने सुटीच्या दिवसांत लहानसे वर्ग चालविणे अशक्य नाही. सातेरी कशी ओळखावी, आग्यापासून कसे सावध राहावे, परसात काय लावावे, एवढे जरी गावातील शंभर मुलांना कळले, तरी पुढच्या पिढीत मोहोळ जाळणारे हात कमी होतील.

आणि या सर्वांनंतर पेटी. ती सर्वांनी ठेवण्याची गरज नाही. एखाद्या वस्तीत दोनतीन जाणत्या घरांनी ठेवली, तरी त्या वस्तीच्या परसबागांना पुरेशी होते. बाकीच्यांनी फुले लावावी, पाणी ठेवावे आणि विष आवरावे. ज्याच्या घरी पेटी आहे, त्याने हंगामात शेजारी एक वाटी मध पाठवावा. तो उपकार नव्हे, शेजाऱ्याच्या कडुनिंबाचे ते भाडे आहे. शेजाऱ्यानेही आपल्या वेलावरचा एखादा भोपळा पेटीच्या मालकाकडे पाठवावा. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ज्या लाभाची किंमत मांडता मांडता पिढ्या गेल्या, त्याची परतफेड आपल्या गल्लीत एवढ्या सोप्या चलनात होऊ शकते. मधाची बाटली ज्याच्या घरची असेल त्याची असो. पराग मात्र गावाचा आहे आणि तो राखण्याची जबाबदारीही गावाचीच आहे.